जिनिंगच्या भिंतीवरची आखाजी

लाल घागरींनी भरलेली हातगाडी गल्लीत शिरली की आखाजी, म्हणजे आमची अक्षय तृतीया, आली असं आम्ही समजतो. कोरी घागर घरी आणून पहिल्यांदा पाण्यात बुडवली की तिच्यातून बारीक सुस्कारा निघतो आणि ओल्या मातीचा वास घरभर होतो. बाहेर ऊन असं, की दुपारी दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसावा. निंबाचा मोहोर केव्हाच झडलेला, आणि त्याच्या जागी हिरव्या लिंबोळ्यांचे घोस धरलेले. रवा भाजल्याचा, वेलदोड्याचा, चिरलेल्या खरबुजाचा वास घराघरातून येतो. यंदाही येतोय. मी सांजोऱ्यांसाठी पीठ मळायला घेते आणि हात मध्येच थांबतो.

शिंदखेड्यात वैशाख हा खरं तर सोसायचा महिना. पण आमच्या खानदेशात सणांतला मोठा सण नेमका याच महिन्यात येतो. गौराई बसते, झाडांना झोके बांधले जातात, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. आणि त्याच दिवशी घागर पुजून पितरांनाही जेवायला बोलावतात. म्हणजे आखाजीला घराकडे दोन वाटांनी माणसं येतात. एका वाटेने लेकी येतात, दुसऱ्या वाटेने गेलेले. मला लेक नव्हती. माझं सासरही लहान, पितर म्हणायचे ते सासू-सासरेच. त्यामुळे माझी आखाजी तशी कोरडीच जायची. एका वर्षी मात्र दोन्ही वाटा माझ्या उंबऱ्याशी येऊन मिळाल्या. त्या वर्षाचं हे सांगणं आहे.

भूषण आमचा एकुलता एक मुलगा. माझ्या यजमानांना सगळी गल्ली नाना म्हणते, आणि इतक्या वर्षांनंतर आता मीही नानाच म्हणते. त्यांचं बाजारपेठेत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. भूषण त्यांच्याच हाताखाली शिकला. मी गावच्या वाचनालयात नोकरी केली. घर लहान, माणसं तीन, आणि मग जागृती सून म्हणून आली तेव्हा चार. अमळनेरजवळच्या खेड्यातली मुलगी. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे आल्या आल्या तिने मला 'आई' म्हटलं ते तोंडदेखलं नव्हतं. बोलकी इतकी, की ती भांडी घासतानाही कुणाशी तरी बोलत असायची. कुणी नसलं तर भांड्यांशी.

त्या हिवाळ्यात दोंडाईच्याहून परत येताना भूषणची मोटारसायकल रस्त्यावर पसरलेल्या खडीवरून घसरली. याहून जास्त मला सांगता येत नाही. लोक तेव्हा खूप काही विचारत होते. कुठं, कसं, हेल्मेट होतं का. नाना प्रत्येकाला तेवढंच उत्तर द्यायचे, "खडी होती."

दिवसकार्य झाल्यावर जागृतीचा भाऊ तिला न्यायला आला. ती चुलीपाशी बसून म्हणाली, "मी इथंच राहते." त्याने आग्रह केला नाही. त्याच्या घरात खोल्या दोन आणि माणसं सात, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. ती राहिली. पण घरात राहिली ती दुसरीच कुणी. भांडी आता मुकाट्याने घासली जायची. 'हो', 'आणते', 'झालं', एवढ्या तीन शब्दांवर तिचा दिवस निघायचा. आम्ही तिघं एका ताटात जेवल्यासारखे एकमेकांजवळ बसत होतो आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

चैत्रात तेजल आली. नाशिकची मुलगी, चित्रकलेचं शिकलेली, केस बारीक कापलेले, पायांत पुरुषी चपला. तिच्याबरोबर तिच्यासारखेच तीन-चार जण. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनी जिनिंग फॅक्टरी आहे. म्हणजे होती. कापूस बंद होऊन कितीतरी काळ लोटलेला, आत बाभळी माजलेल्या. पण तिची पश्चिमेकडची भिंत लांबच लांब आणि धड होती. भिंतीसमोर मोकळं पटांगण, पटांगणात एक थोरला निंब. मालकाची परवानगी काढून तेजलने गल्लीतल्या बायका-पुरुषांना निंबाखाली बोलावलं आणि सांगितलं, "आम्ही इथं चित्र काढणार नाही. तुम्ही काढायचं. संध्याकाळी ऊन खाली उतरलं की माणसाने भिंतीसमोर उभं राहायचं, दुसऱ्याने त्याच्या सावलीची कड कोळशाने ओढायची, आणि सकाळी भिंत सावलीत असताना सगळ्यांनी मिळून रंग भरायचा. सगळी गल्ली भिंतीवर आली पाहिजे."

आमच्या शेजारच्या कोकिळाबाई, ज्यांच्यापुढे गल्लीत कुणी तोंड उघडत नाही, त्या म्हणाल्या, "हाई काय नवीनच काढं व माय? सावलीले कोनी रंगाडस का?"

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या कोकिळाबाईच. हातात सूप घेऊन. कोळसा फिरवून झाला तशा मागे सरकून बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "मनी सावली जाडी दिसी ऱ्हायनी. जराशी बारीक काढ ना व बाई." सगळं पटांगण हसलं. तिथून पुढे ते काम गल्लीचं झालं.

मला त्या संध्याकाळी अजून जशाच्या तशा दिसतात. उन्हाची धग ओसरलेली, पण जमीन अजून तापलेली. चपलेतून पावलांना ऊब लागायची. टँकरच्या नळीतून सांडलेल्या पाण्याभोवती चिमण्या. भिंतीसमोर पिठाच्या गिरणीवाला डब्यासकट उभा, पापड लाटणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या, नाना हातात तांब्याच्या तारेचं वेटोळं घेऊन अवघडून उभे. ऊन सोनेरी होत होत तांबडं व्हायचं आणि भिंतीवर माणसं उमटायची. सकाळी गेरू, चुना, नीळ आणि काजळी डिंकाच्या पाण्यात कालवून घमेली भरायची. रंगाचे हात घेऊनच बायका घरी जाऊन चहा ठेवायच्या. गल्लीतले सगळे कप त्या उन्हाळ्यात निळसर झाले होते.

रंग कालवायला जागृती कशी गेली ते मला कळलंच नाही. पाणी भरायला म्हणून गेली आणि तेजलने तिच्या हातात काठी दिली असावी. मी वाचनालयातून परतत होते. निंबाजवळ आले आणि मला हसू ऐकू आलं. ओळखीचं हसू. मी पावलं थांबवली. गिरणीवाल्याच्या सावलीला कुणीतरी चुकून दोन नाकं काढली होती आणि जागृती तोंडावर निळा हात धरून हसत होती. तिने मला पाहिलं आणि हसू पुसून टाकलं. तोंडावर निळी बोटं तेवढी राहिली.

"पूस ते," मी म्हणाले. मग म्हणाले, "नको, राहू दे. उद्या परत लागणारच आहे."

त्या दिवसापासून ती रोज जायला लागली. तिचा हात चांगला होता. सावली हलायच्या आत कड ओढायची म्हणजे हात न थरथरता भरभर चालवावा लागतो, आणि तिचा चालायचा. लोक म्हणायला लागले, माझी जागूकडून काढा. घरी आल्यावर ती आज कुणाची काढली ते सांगायची. शब्द तीनाचे दहा झाले, दहाचे शंभर. नाना जेवता जेवता मान वर करून ऐकायचे.

आणि मग माझ्या मनात एक गोष्ट आली, आणि आली ती जाईना.

एका संध्याकाळी मी तेजलला बाजूला घेतलं. "जो नाही त्याची सावली काढता येईल का गं?"

तिला घरातलं माहीत होतं. हळूच म्हणाली, "काकू, तुम्हांला कशी हवी आहे?"

भूषणचा मित्र राकेश तिथंच होता. नानांच्या दुकानाशेजारी त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दोघांची उंची एक, खांदे सारखे. पाठमोरे असले की गिऱ्हाईकं फसायची. तो पुढे आला आणि भिंतीसमोर उभा राहिला. एका पायावर भार टाकून, उजवा हात मानेमागे. भूषण असाच उभा राहायचा. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. जागृतीने कोळसा माझ्या हातात दिला.

भिंतीवर माझा मुलगा उभा होता.

मी पायांपासून सुरुवात केली. पोटरी, गुडघा, कंबर. कोपराशी आले आणि हात पुढे जाईना. मानेमागे घेतलेल्या हाताच्या आणि डोक्याच्या मधे उन्हाचा एक छोटा तुकडा राहिला होता, त्याच्याकडे बघत राहिले. तेजल म्हणाली, "काकू, सावली सरकतेय." मी कपाळाची कड ओढली, नाकाची, हनुवटीची. राकेश बाजूला झाला. सावली गेली आणि रेघ राहिली. राकेश निंबामागे गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यात गेरू भरला. मी एकटीनेच भरला, कुणाला हात लावू दिला नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की भूषणच्या डाव्या बाजूला लोकांनी न बोलता एका माणसाएवढी जागा मोकळी ठेवली आहे. गल्लीभर सावल्या दाटीने उभ्या होत्या, पण त्या जागेत कुणी शिरत नव्हतं. ती जागा कुणाची हे सगळ्यांना कळत होतं. मलाही कळत होतं, आणि खरं सांगते, मला ते बरं वाटत होतं. जोडी पुरी होणार होती.

संध्याकाळी बायका म्हणाल्या, "जागू, आता तू उभी राहा."

जागृती घमेल्यातला रंग ढवळत राहिली.

"अगं, ऊन जाईल."

"मी तिथं नाही उभी राहणार," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मग कुठं?" कुणीतरी विचारलं.

"माहीत नाही. पण तिथं नाही."

कुजबुज सुरू झाली. नवऱ्याशेजारी उभी राहायला नाही म्हणते. इतक्यात विसरली. माझा चेहरा कसा झाला होता कुणास ठाऊक. मी पदर सावरला आणि घराकडे निघाले. मागून नानांचा आवाज ऐकू आला, "राहू द्या तिला. कुणी काही बोलू नका."

ती थोड्या वेळाने आली. मी ओट्याशी उभी होते. तिने हात धुतले, पुसले, आणि माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"आई, रागावलात?"

मी दुधाचं पातेलं शेगडीवर ठेवलं.

"मी रोज तिथून पाणी आणते. येता-जाता मला मीच दिसणार, त्यांच्याजवळ उभी. ते कधी हलायचे नाहीत आणि मीही हलायची नाही. माझा श्वास कोंडतो आई, नुसता विचार केला तरी." मग एकदम घाबरून म्हणाली, "मला घरातून काढू नका. मी सगळं करीन. फक्त तिथं उभी करू नका."

मी वळले. तिला पंचवीसही पुरी झालेली नव्हती. हाताला नीळ, कानात काही नाही, गळ्यात काही नाही. मी तिला जवळ ओढलं तशी ती इतकी रडली, की भूषणला नेलं त्या दिवशीही तेवढी रडली नव्हती. मी रडत होते ते तिच्यासाठी होतं की त्याच्यासाठी, मला सांगता येणार नाही. ओट्यावर दूध उतू गेलं आणि जळक्या वासाने घर भरलं, तरी आम्ही तशाच होतो.

दुसऱ्या दिवशी कोकिळाबाई आमच्या ओसरीत येऊन बसल्या. मला वाटलं, बोलणी खाणार आता जागू. पण त्यांनी पानाची पिशवी उघडली, सुपारी कातरली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "भूषण गया, आक्का. जागू शे. जी शे तिन्हाकडे देख." जी आहे तिच्याकडे बघ.

मग उठता उठता म्हणाल्या, "पाट लाई दे पोरना."

पाट लावणं म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न लावून देणं. ही म्हातारी स्वतः विसाव्या वर्षापासून पांढऱ्या कपाळाने राहिलेली होती.

आखाजी आली. आमच्याकडे त्या दिवशी उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढतात. एकेका पितराचं नाव घ्यायचं आणि एकेक बोट ओढायचं. मी सासऱ्यांचं ओढलं, सासूबाईंचं ओढलं. तिसऱ्याला बोट कुंकवात बुडवलं आणि ते तसंच धरून बसले. पोटच्या पोराचं नाव त्या ओळीत घ्यायचं कसं? नानांनी माझं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून ते बोट ओढलं. नाव त्यांनी घेतलं. घागरीवर खरबूज ठेवलं, आंबा ठेवला, सांजोरी ठेवली. भूषणला सांजोरी आवडायची नाही. कडा मोडून आतलं सारण तेवढं खायचा. मी एक सांजोरी घेतली, कडा काढून टाकल्या आणि मधला तुकडा ठेवला.

जागृती हे सगळं दाराआडून बघत होती. भाऊ न्यायला आला नव्हता. फोन आला होता, की यंदा नको, घरात गडबड आहे.

संध्याकाळी पटांगणात गल्लीच्या सगळ्या माहेरवाशिणी जमल्या होत्या. निंबाला झोका, गौराईची गाणी, हातांत मेंदी, आंब्याच्या रसाने माखलेली लहान मुलं. भिंतीवर गल्ली उभी आणि भिंतीसमोर गल्ली उभी. जागृती दूर, घमेली धुवत बसलेली. कोकिळाबाई तिच्याकडे गेल्या आणि दंडाला धरून उठवलं. "आखाजी शे आज. ऊठ. झोकावर बस. मी झोका देस तुले."

"मावशी, नको. लोक—"

"लोक मरोत."

त्यांनी तिला बसवलं आणि झोका दिला. म्हाताऱ्या हातांत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे, झोका थेट फांदीपर्यंत गेला. ऊन उतरलं होतं. जागृतीची सावली भिंतीवर चढली आणि उतरली, चढली आणि उतरली. गिरणीवाल्यावरून गेली, पापडवाल्यांवरून गेली, माझ्या भूषणच्या अंगावरून गेली आणि परत आली.

मी कोळसा उचलला. भिंतीच्या शेवटाला, जिथं अजून कुणाची सावली नव्हती, तिथं झोक्याच्या सावलीचं टोक येत होतं. मी तिथं जाऊन उभी राहिले. सावली आली की ओढायची, गेली की थांबायचं. एक कड जमली की पुढची चुकायची. पाय तीन झाले, मग पाच. वेणी एकीकडे, डोकं दुसरीकडे.

"अगं, जरा थांब की!" मी ओरडले.

"थांबले तर झोका कसला, आई?" वरून आवाज आला.

सगळे हसत होते. तेजल हसत होती, नाना हसत होते, मी हसत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. भिंतीवर जे उमटलं त्याला माणूस म्हणणं कठीण होतं. पाच पायांची, दोन वेण्यांची, उडती कुणीतरी. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः त्यात नीळ भरली.

त्या रात्री जेवताना मी नानांना म्हणाले, "जागूसाठी स्थळ बघू या."

त्यांनी घास खाली ठेवला. मग विचारलं, "आणि मग घरात राहील कोण?"

पावसाळा संपायच्या आत त्यांनीच स्थळ आणलं. पिंपळनेरकडचा मुलगा, सुरतेजवळ उधन्याला कापडाच्या कारखान्यात कामाला, पहिलं लग्न मोडलेलं. शांत वाटला. चहाचा कप स्वतः उचलून आत आणून ठेवला त्याने, तेव्हा नानांनी माझ्याकडे बघून मान हलवली. जागृती आधी नाही म्हणाली, मग दोन दिवस जेवली नाही, मग एका दुपारी पापड वाळत घालता घालता म्हणाली, "तुम्ही दोघं काय कराल?" मी म्हटलं, "आम्ही म्हातारे होऊ. ते कुणी नसलं तरी होता येतं."

लग्न आमच्या दारातून लावलं. कन्यादान नानांनी केलं. गाडीत बसताना तिने मला मिठी मारली नाही, नुसता माझा पदर मुठीत धरून ठेवला. गाडी सुरू झाली तेव्हा तिच्या मुठीतून तो मलाच सोडवावा लागला.

पोर सुखी व्हावी म्हणून केलं आणि ती सुखी झाली. असं असताना दुःख कशाचं, असं लोक विचारतात. मुलगा गेला तेव्हा रडायला माणसं आली, ताटं आली, सगळ्यांनी सुतक पाळलं. सून गेली तेव्हा पेढे वाटले. घरात येऊन मी तिच्या खोलीत बसले. उशीला तेलाचा वास होता. त्या रडण्याला मात्र शेजारी बसायला कुणी नव्हतं, कारण ते रडणं कुणाला दिसायलाच नको होतं.

पहिल्या आखाजीला ती आली. नवऱ्यासह आली, दोन दिवस राहिली, घर बोलून बोलून भरून टाकलं. दुसऱ्या आखाजीला दिवस गेलेले होते, आली नाही. हळूहळू फोन रोजचा आठवड्यावर आला, आठवड्याचा महिन्यावर. तसंच व्हायला हवं होतं. नव्या घरात जुन्या घराचं नाव सारखं घेऊ नये, हे मीच तिला सांगितलं होतं.

भिंतही गेली. गेरू पावसाने आधीच फिकट केला होता. मग जिनिंगची जागा विकली गेली, तिथं दुकानांचे गाळे व्हायचे होते. एका सकाळी जेसीबी आला. गल्लीतले सगळे बघायला उभे राहिले. कोकिळाबाई तोवर गेल्या होत्या. भिंतीवरचं त्यांचं सूप पडलं तेव्हा त्यांच्या सुनेने तोंडात पदर घातला. भूषणचा भाग पडला तो एकदम, मोठा तुकडा, मानेमागच्या हातासकट. धुरळा खाली बसेपर्यंत मी उभी होते. नाना म्हणाले, "चला. दुकान उघडायचं आहे." दुकान त्या दिवशी उघडलं नाही.

परवा जागृतीचा फोन आला. "आई, आखाजीला माहेरी चाललेय. भावाने बोलावलंय, बाळाला बघायचंय म्हणे. सासूबाई पण आहेत, त्या पुढे जळगावला नणंदेकडे उतरणार. गाडी शिंदखेड्याला थांबते जराशी. याल?"

मी सांजोऱ्या केल्या. नाना सकाळीच नवा सदरा घालून बसले. स्टेशनवर उन्हात रूळ नुसते हलत होते. गाडी आली ती माणसांनी ओसंडून. उधन्याहून, सुरतेहून आखाजीला गावाकडे निघालेला सगळा खानदेश त्यात होता. मी खिडक्या बघत धावले. नाना नळापाशीच थांबले. म्हणाले, "तू जा. मी इथं बरा."

"आई!" खिडकीतून हाक आली. ती होती. भरलेली, कपाळावर मोठी टिकली, मांडीवर बाळ. मी गजातून डबा दिला, बाळाच्या अंगावरून हात फिरवला. त्याने माझं बोट पकडलं आणि तोंडाकडे न्यायला लागला. "दात येताहेत," ती म्हणाली. समोर तिची सासू बसली होती. तिने मला नमस्कार केला, मीही केला. चांगल्या घरची बाई वाटली.

शेजारच्या बाकावरच्या एका बाईने पिशवी सरकवत विचारलं, "ह्या कोन शेतस व तुन्या?"

जागृतीने माझ्याकडे पाहिलं. मग सासूकडे पाहिलं. सासू खिडकीबाहेर बघत होती. डब्यातले सगळेच ऐकत होते.

"मावशी," जागृती म्हणाली. "मावशी आहेत माझ्या. शिंदखेड्याच्या."

तिचे डोळे भरून आले होते. काय करावं हे तिला कळत नव्हतं, ते माझ्या लक्षात आलं. मी त्या बाईकडे वळून हसले आणि म्हणाले, "हो. सख्खी मावशी."

गाडी हलली. बाळाच्या मुठीतलं माझं बोट हळूच सुटलं. ती काहीतरी म्हणाली, पण चाकांच्या आवाजात मला कळलं नाही. मी हात हलवत राहिले.

परत नळापाशी आले तेव्हा नानांचा चेहरा ओला होता. पाणी मारलं असावं त्यांनी. "बाळ कुणासारखं आहे?" त्यांनी विचारलं.

"तिच्यासारखं."

"सुखात आहे ना?"

"आहे," मी म्हणाले.

मग आम्ही बाकावर बसलो. फलाट रिकामा झाला, हमाल सावलीला जाऊन आडवा झाला. आम्हांला कुणाला घ्यायचं नव्हतं, कुठं जायचं नव्हतं. तरी दोघांपैकी कुणी 'चला' म्हणालं नाही.